न भरलेलं तेल

मुकुंदवाडीत राजेंद्रला सगळे ओळखायचे ते त्याच्या पिकअपमुळं. गाडी जुनी होती, दारांचा रंग उडालेला, पण घरसामान हलवायचं म्हटलं की लोक त्यालाच फोन करत. कुणाची बदली होवो, कुणाच्या लेकीचा संसार पुण्याला मांडायचा असो, राजेंद्रच्या गाडीतनं गेलेल्या कपाटाच्या आरशाला कधी तडा गेला नाही.

इंजिनचं काम तो चिकलठाण्याला सांडूच्या गॅरेजला करून घ्यायचा. सांडू त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. पण गेरचं तेल आणि मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो त्या डिफरन्शियलचं तेल, ही दोन्ही तेलं तो स्वतःच्या हातानं बदलायचा. "इंजिनच्या तेलाची सगळ्यांना काळजी," तो बायकोला म्हणायचा, "ह्या खालच्या तेलाला कुणी इचारत नाय. आन गाडी चालती ती त्याच्यावर."

सुलेखाला हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यानं हे काम काढलं. तेल गरम झालं की नीट उतरतं म्हणून आधी गाडी विमानतळापर्यंत फिरवून आणली. चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं आणि आडवा होऊन आत सरकला. सुलेखा पाने हातात देत होती. त्यानं गेरचा वरचा नट ढिला केला, मग खालचा. काळं, दाट तेल पातेल्यात पडायला लागलं. सडलेल्या लसणासारखा त्याचा वास. सुलेखानं नाकाला पदर लावला तसा तो खालनं हसला.

सगळं उतरल्यावर त्यानं खालचा नट आवळला आणि वरच्या भोकातून नवं तेल भरलं. भोकातून थेंब बाहेर गळायला लागले की पुरं झालं, हा त्याचा हिशेब. मग मागं सरकून डिफरन्शियलचं तेल सोडलं. ते उतरत होतं तेवढ्यात फोन वाजला. विश्वजीत नावाचा बँकेतला माणूस होता. पैठणला बदली झाली होती, उद्या सकाळीच सामान न्यायचं होतं. राजेंद्र बाहेर येऊन बोलत बसला. सुलेखा भाकरी टाकायला आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा दोन्ही नट आवळलेले होते, पातेलं बाजूला ठेवलेलं होतं आणि राजेंद्र नळाखाली हात धूत होता.

"झालं?"

"झालं."

दुसऱ्या दिवशी सामान भरून तो पैठणच्या रस्त्याला लागला. केबिनमधे विश्वजीत, त्याची बायको आणि तिच्या मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. बिडकीन मागं पडलं आणि खालून बारीक किणकिण ऐकू यायला लागली. विश्वजीतनं विचारलंही. "टायरचा आवाज हाय," राजेंद्र म्हणाला. किणकिणीचं रडणं झालं, रडण्याचं ओरडणं झालं. ढोरकीनच्या पुढं एक कडकन् आवाज झाला आणि मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. गाडी घसरत रस्त्याच्या कडेला गेली. समोरून येणारी उसाची ट्रॉली कशीबशी वळून निघून गेली. मुलीचं कपाळ पुढच्या पत्र्यावर आपटलं.

जखम मोठी नव्हती. दोन-तीन टाक्यांवर भागलं. पण राजेंद्र बराच वेळ स्टिअरिंग धरून तसाच बसून होता. विश्वजीत त्याच्यावर ओरडत होता आणि त्याला ते ऐकू येत नसल्यासारखं दिसत होतं.

सांडूनं क्रेननं गाडी ओढून आणली. दुसऱ्या दिवशी त्यानं गोळा उघडला. आतल्या चक्रांचे दात जळून निळे पडले होते, काही मोडून खाली पडले होते.

"राजू, तेल भरलं होतं का?"

"म्हंजे काय? परवाच भरलं."

"कोरडं हाय रे. थेंब नाय."

"गळलं असंल. नट ढिला राहिला असंल."

"नट घट्ट हाय. मीच खोलला आत्ता."

राजेंद्रचा चेहरा लाल झाला. "मग तू काढलं असशील! मी यायच्या आत काढलं आन आता मलाच इचारू राहिला!"

गॅरेजमधली सगळी माणसं बघायला लागली. सांडूनं पाना खाली ठेवला. राजेंद्र तरातरा निघून गेला.

घरी सुलेखा पाण्याच्या टाकीमागं झाडत होती. तिथं तेलाचा नवा डबा होता. तिनं उचलला तर जड लागला. झाकणाचं सील तसंच होतं. एक डबा गेरला लागला होता, तो रिकामा पायरीपाशी पडला होता. हा दुसरा, डिफरन्शियलचा.

ती तिथंच खाली बसली. गेल्या काही महिन्यांतलं एकेक तिला आठवत गेलं. सेव्हन हिलच्या पुलाखाली गाडी थांबवून, कुठं जायचंय म्हणून त्यानं तिला केलेला फोन. सोयगावला दिलेल्या लेकीला, तनुजाला, त्यानं दोनदा आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. ते हसण्यावारी नेलं होतं सगळ्यांनी. वय झालं, म्हणाले होते.

डबा कापडी पिशवीत घालून ती रिक्षानं सांडूकडं गेली. पिशवीतलं बघून सांडूनं मान हलवली.

"मला वाटलंच होतं, वहिनी."

"कधीपासून?"

"मागं आला होता ग्रीस घ्यायला. मला म्हणतो, तुझा भाऊ दिसत नाय. माझ्या भावाला खांदा द्यायला हाच होता की पुढं." सांडूनं हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले. "तुम्हाला सांगावं असं लई वाटलं. धीर झाला नाय."

"आता त्यांना कसं सांगायचं?"

"सांगू नका. मी म्हणतो, माझीच चूक. मी तेल काढलं आन इसरलो. चार शिव्या देईल मला. देऊ द्या."

"नाय भाऊ. तुमच्यावर कशाला आळ?"

"मला काय होतंय त्यानं?"

राजेंद्र दारात येऊन उभा राहिला होता. सांडूची माफी मागायला आला होता की पुन्हा भांडायला, हे नंतर त्यालाही सांगता आलं नाही. त्याची नजर पिशवीवर गेली. त्यानं डबा बाहेर काढला. सीलवरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलट्या बाजूनं.

"मी भरलं होतं," तो हळू म्हणाला. "वरच्या भोकातनं गळताना बघितलं मी. सुलेखा, तू होती ना तिथं?"

"ते गेरचं होतं," ती म्हणाली. "मागचं राहिलं."

तो स्टुलावर बसला. सांडूनं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यानं घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला.

"त्या पोरीचं कपाळ कसं हाय?"

"बरं हाय. खेळतीय म्हणं, फोन आला होता."

"ट्रॉली आली होती समोरून," तो म्हणाला. आणि मग तो रडला. सांडूनं गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं.

तनुजा आली आणि त्याला घाटीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की हा विसरभोळेपणा नाही, मेंदूचा आजार आहे. गोळ्यांनी थोडा सावकाश वाढेल, थांबणार नाही. गाडी चालवायची नाही. राजेंद्र ऐकत होता. बाहेर आल्यावर त्यानंच सांगितलं, "सांडूला म्हणावं, दुरुस्त कर आन इकून टाक."

सांडूनं भंगारबाजार धुंडाळून दुसऱ्या गाडीचं डिफरन्शियल आणून बसवलं. तेल मात्र भरलं नाही. त्यासाठी त्यानं राजेंद्रला बोलावून घेतलं. राजेंद्र आडवा झाला, आत सरकला. त्याचे हात काही विसरले नव्हते. तेल वर आलं, भोकातून गळायला लागलं, त्यानं बोटानं पुसून नट आवळला. बाहेर येऊन कपडे झटकले. मग विचारलं, "तेल भरलं का रे?"

"भरलं," सांडू म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. सांडूनं पुन्हा तेच सांगितलं, आवाज जराही न बदलता.

गाडी देवगाव रंगारीच्या बद्रीनाथनं घेतली. अद्रक मंडीत न्यायला त्याला हवी होती. तो चावी घेऊन बसला तेव्हा राजेंद्र दाराला धरून उभा राहिला आणि दुसरा गेर थंडीत जरा अडतो, जोर करू नको, असं सांगत राहिला. बद्रीनाथ भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मगच गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंद्र अंगणात आला आणि मोकळी जागा बघून ओरडला, "गाडी चोरली!"

सुलेखानं खरं सांगितलं. आजार, पैठणचा रस्ता, सगळं. तो मटकन खाली बसला. काल जे सोसून झालं होतं ते त्याला पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तिनं खरंच सांगितलं, कारण आयुष्यात त्याच्याशी ती खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर मात्र तो विचारायला लागला की ती म्हणायची, "सांडूभाऊंकडं गेलीय. सर्व्हिसिंगला."

"व्हय का? बरं झालं," तो म्हणायचा आणि निवांत चहा प्यायचा.

हे बरेच महिने चाललं. सांडू दर रविवारी यायचा आणि तोही सांगायचा, काम चालू हाय, राजू, पार्ट यायचाय. पुढं उन्हाळ्यात राजेंद्रचं विचारणं कमी झालं. मग आठवडा गेला, त्यानं विचारलंच नाही. सुलेखाला आधी बरं वाटलं. नंतर सकाळी चहा देताना ती थोडी थांबायला लागली, विचारेल म्हणून.

एका सकाळी तिला राहवलं नाही. ती आपणहूनच म्हणाली, "गाडी सांडूभाऊंकडं गेलीय हं."

राजेंद्रनं वर पाहिलं. परक्या घरी आलेला पाहुणा बघतो तसं, अदबीनं.

"कुणाची गाडी, बाई?"

तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. मग कप बाजूला ठेवून त्याच्याजवळ बाजेवर बसली.

"होता एक माणूस," ती म्हणाली. "लोकांची घरं हलवायचा. लई जपून."

"असं?" तो म्हणाला आणि ऐकायला सावरून बसला. "मग?"