एकेचाळीस कापडं आणि आठ जीबी

साडेबारा वाजता प्रोग्रॅम तिसऱ्यांदा बंद पडला. पहिल्या वेळी बिट्टी चांगलीच वैतागली होती, दुसऱ्या वेळी टेबलावर मूठ आपटली होती. आता नुसती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली होती.

"काय म्हणतंय?" मावशीने दारातूनच विचारलं.

"तेच. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली."

"थोडा वेळ बंद ठेवून बघ ना. दमलं असेल."

"मावशी, मशीन आहे ते. बैल नाही."

बिट्टी मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. अकरा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून इथेच. शाळेत, कॉलेजात तिचं नाव वेगळं होतं, पण घरात ती बिट्टी ती बिट्टीच राहिली. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढणं हे तिचं काम. भिंत उभी राहायच्या आत तिच्यावर पडणारं ऊन ती कॉम्प्युटरवर दाखवायची. सध्या एका वाचनालयाचा मोठा हॉल चालला होता. सहा चित्रं, आज पाचच्या आत. साडेपाचला वाचनालयाच्या विश्वस्तांची बैठक होती आणि आर्किटेक्ट बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, चित्रं वेळेवर आली आणि पसंत पडली तर पुढचं वर्षभराचं काम तुमच्याकडे. नाही आली तर दुसऱ्या गावच्या मोठ्या ऑफिसातली नोकरी होतीच. तिथे मशीनं तगडी होती, पगार ठरलेला होता, आणि त्यांच्या पत्राला उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

त्या पत्राबद्दल मावशीने एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर बिट्टी खरं सांगेल, याचीच तिला धास्ती.

दोन महिने घरात नव्या कार्डाची चर्चा एखाद्या स्थळासारखी चालली होती. आताचं होतं आठ जीबीचं; आता सोळाचं घ्यावं की बारा पुरे, चोवीसवाले वेडे की दूरदृष्टीचे. बिट्टीचे मित्र दोन्ही बाजूंनी भांडायचे. एक म्हणायचा, मोठी मेमरी म्हणजे निव्वळ मिरवायचं लक्षण. दुसरा म्हणायचा, एकदा लहान कार्ड घेतलं की जन्मभर रडायचं. मावशी भाजी निवडता निवडता दोन्ही ऐकायची आणि दोन्ही पटायचं.

बिट्टीने पेचूला फोन लावला. हा तिचा वर्गमित्र. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि शर्टाच्या खिशात कायम चारदोन स्क्रू खुळखुळायचे, म्हणून पेचू.

"बिट्टे, खरं सांगू?" स्पीकरवर त्याचा आवाज घुमला. "गेमसाठी कार्ड घ्यायला येतात ना, त्यातल्या निम्म्यांना मीच सांगतो, एवढं मोठं घेऊ नका. पण तुझं तसं नाही. गेम नुसता अडखळेल. तुझा सीन कार्डात मावला नाही तर मावलाच नाही."

"पण आहे काय एवढं त्यात? एक हॉल, साठ खुर्च्या, पडदे. कापडांच्या फायली सगळ्या मिळून पाऊण जीबीसुद्धा नाहीत."

"मग भूत असेल," पेचू म्हणाला. "सोळाचा एकच नग उरलाय. तीन वाजता एक गिऱ्हाईक बघायला येणार आहे. लांब आहे हां कार्ड, तुझ्या मशीनच्या डब्यात बसतं का मोजून ये. आणि तुझा पॉवर सप्लाय जुना. तो झेपेल असं माझ्याकडून लिहून मागू नकोस."

बिट्टीने मोजपट्टी आत घालून पाहिलं. बोटभर जागा उरत होती. कोपऱ्यावरची खोली भाड्याने घेऊन काम तिथे हलवायचं म्हणून तिने वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. ते तिने उचलले आणि बस पकडायला धावली.

घर एकदम रिकामं झालं. मावशी मशीनसमोर जाऊन बसली. तिला हात लावायची मनाई नव्हती, कारण या सीनमधली कापडं तिचीच होती.

तिचा आणि तिच्या नवऱ्याचा पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. ते कॅमेऱ्यामागे, ही खिडकीजवळच्या तिरप्या टेबलाशी. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने लोकांच्या गालावरचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. किती जणींना तिने थोडं थोडं सुखी करून घरी पाठवलं होतं, याचा काही हिशोब नाही. स्टुडिओ बंद झाला तेव्हा बाकी सगळं गेलं, कापडांची ट्रंक राहिली. बाळांना ज्यावर बसवत ती मखमल, म्हाताऱ्यांच्या खुर्चीवर टाकायची जाड विणीची शाल, लग्नाच्या जोडप्यामागचा करडा पडदा. आर्किटेक्ट बाईंना खरी वाटणारी कापडं हवीत, असं वर्षापूर्वी बिट्टी म्हणाली तेव्हा मावशीने ती ट्रंक उघडली. एकेचाळीस कापडं. तिने एकेक झटकून, इस्त्री करून, स्कॅनरवर तुकड्यातुकड्याने ठेवून घेतलं. बिट्टीने ते तुकडे जोडून द्यायला शिकवलं होतं. आकार किती ठेवायचा, असं मशीनने विचारलं की मावशी डोळे झाकून सगळ्यात मोठा निवडायची. नवऱ्याने तेच शिकवलं होतं. निगेटिव्ह मोठी ठेव, लहान प्रिंट कधीही काढता येते.

आता तिने ती यादी उघडली. प्रत्येक नावापुढे सोळा एमबी, पंधरा एमबी. खरंच, फार नव्हतं. त्याच्या पलीकडच्या रकान्यात दुसरा आकडा होता, लांबीरुंदीतल्या ठिपक्यांचा. ८१९२ गुणिले ८१९२. प्रत्येक कापडापुढे तोच.

मावशी त्या आकड्याकडे बघत राहिली, आणि तिला स्टुडिओतली मागची खोली आठवली. एका लग्नाचे सगळे फोटो एका पाकिटात मावत. खिशातसुद्धा जायचं पाकीट. पण तेच फोटो धुऊन ओले पसरायचे म्हटलं की खोली पुरायची नाही. जमीन, टेबल, पलंग, खिडकीची कड, सगळं भरून जायचं. एकदा तर नवरा दारात अडकून उभा राहिला होता, पाय कुठे ठेवू म्हणून. आत यायला जागाच नाही.

ही फायलींची वजनं पाकिटाची होती. आणि कार्ड म्हणजे मागची खोली असेल तर?

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. बिट्टी दुकानात पोचायला अजून दहा मिनिटं.

मावशीला वाटलं, गप्प बसावं. मोठं कार्ड आलं की सगळं मावेल. कुणाला काही कळणारही नाही. पोरगी वर्षभर स्वतःच्या मशीनला शिव्या घालत होती, दिवसदिवस वाट बघत होती, आणि हे सगळं माझ्यामुळे, हे तोंडाने सांगायचं? वर त्या मखमलीचं आर्किटेक्ट बाईंनी नाव काढलं होतं. किती वर्षांनी कुणी मावशीच्या कामाचं नाव काढलं होतं. ती कापडं आता चिंधीएवढी करायची?

पण पॉवर सप्लाय झेपला नाही तर? कार्ड घरी येऊन बसवेपर्यंत चार वाजले तर? तिने पेचूला फोन लावला.

"मी बिट्टीची मावशी बोलतेय. एक विचारू का रे? हसू नकोस."

"विचारा ना मावशी."

"कार्डात फोटो जातो तो पाकिटात असतो तसा जातो की पसरलेला?"

"म्हणजे?"

"फाईल सोळा एमबीची दिसते. आत गेल्यावर तेवढीच राहते का?"

पलीकडे खिशातले स्क्रू वाजले. "किती बाय किती आहे फोटो?" पेचूने विचारलं. मावशीने आकडा वाचून दाखवला. "आणि असे किती?"

"एकेचाळीस."

"आई गं!" पेचू म्हणाला. "पसरलेला जातो, मावशी. एकेक कापड पाव जीबीचं होतं आत. म्हणजे दहाच्या वर गेलं नुसतं कापड. आठात कसं मावणार? मला वाटलं ती दोन हजार बाय दोन हजारचे वापरते. सगळे तेच वापरतात."

"मग लहान केले तर?"

"लहान केले तर निम्मं कार्ड रिकामं राहील." मग जरा थांबून तो म्हणाला, "मावशी, धंद्यावर उठलात हो माझ्या. कार्ड काढून पुसून ठेवलंय इथे."

"ती आली की मला फोन करायला सांग. आधी फोन, मग काय ते घेणं."

"सांगतो. झक मारत सांगतो."

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मावशीने एका दमात सांगून टाकलं, आकडा, पाकीट, ओले फोटो, सगळं.

"आठ हजार?" बिट्टी म्हणाली. "शेवटच्या रांगेतल्या खुर्चीला आठ हजार? ती खुर्ची चित्रात माझ्या नखाएवढी दिसते, मावशी! वर्षभर मी या मशीनला भिकार म्हणतेय."

"तुला कुणी सांगितलं नाही का गं, असं असतं ते?"

"कॉलेजात सांगितलं होतं. पण फायली एवढ्याशा दिसल्या आणि तू केल्या होत्यास, म्हणून मी बघितलंच नाही. घरी येते."

ती आली तेव्हा दोन वाजले होते. कार्डाचं खोकं हातात नव्हतं. ती रागावली होती का, ते मावशीला कळेना. बिट्टीने दुसरी खुर्ची ओढून टेबलाशी ठेवली.

"बस इथे. कुठलं कापड कुठे आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी विचारते, तू सांग."

"मूळ फायली जातील का?"

"जात नाहीत गं. कपाटात राहतात. मांडायला लहान प्रत काढायची, एवढंच."

मग सुरू झालं. शाल? लांब आहे, लहान कर. चौकडी? टेबलाखाली अर्धी झाकलीय, अगदी लहान कर. पिवळं? ते तर भिंतीमागेच आहे, दिसतच नाही, काढून टाक. मावशी सांगताना अडखळत नव्हती, पण प्रत्येक नावाला कुणीतरी आठवत होतं. चौकडीवर बसलेलं ते रडकं बाळ, शालीच्या खुर्चीतले ते सैन्यातून परतलेले गृहस्थ, ज्यांनी हसायला साफ नकार दिला होता.

तीन वाजता पहिलं चित्र लावलं. नऊ टक्के, अकरा टक्के. बाराला ते दर वेळी मरायचं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही. तेरा. चौदा.

"गेलं पुढे," बिट्टी पुटपुटली.

पाच चित्रं झाली. सव्वाचार वाजले. सहावं चित्र पडद्याजवळून घेतलेलं होतं, खिडकी, तिच्यातून येणारं ऊन आणि अर्धं चित्र व्यापून करडा पडदा. ते उमटू लागलं आणि मावशीने मान हलवली.

"हे कापड नाही. चिखल आहे."

"दिसतंय मला."

"याला मोठं ठेव. हे एकटंच जवळ आहे."

"आणि पुन्हा भरलं तर? पहिल्यापासून लावावं लागेल, मावशी. लावेपर्यंतच चार पस्तीस होतील."

"चिखल पाठवणार आहेस का?"

बिट्टीने ओठ चावला, पडद्याची मोठी मूळ फाईल परत जागेवर ठेवली आणि बटण दाबलं. मावशी उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. "मावशी, बस गं, तुझ्या फेऱ्यांनी ते बंद पडेल," बिट्टी म्हणाली, पण तिचा स्वतःचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. कार्ड साडेचार जीबीवर जाऊन थांबलं. चार त्रेपन्नला चित्र पूर्ण झालं. पडद्याचा धागान् धागा दिसत होता. चार अठ्ठावन्नला ते बाईंकडे गेलं.

सव्वासहाला आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. बिट्टी उभ्याउभ्याच बोलली. हो. हो, कळलं. फोनवर हात ठेवून ती मावशीकडे वळली.

"पसंत आहे. पण सगळं वर्ष नाही म्हणतात. आधी तीन महिने. आणि पुढची सगळी चित्रं त्या पडद्यासारखी जवळून हवीत."

नोकरी पक्की होती, हे तीन महिने कच्चे. मावशीला म्हणायचं होतं, हो म्हण, लगेच म्हण. ती म्हणाली, "जवळून म्हणजे सगळीच कापडं मोठी. पुरेल का तुझं आठ?"

"नाही पुरणार."

"मग तसं सांग त्यांना. आत्ताच."

"मावशी, नको म्हणाल्या तर?"

"तर तीन महिन्यांनी म्हणतील ते आजच म्हणतील."

बिट्टीने हात काढला. तिने सांगितलं, लांबची चित्रं आहे त्या मशीनवर होतील, जवळच्या चित्रांना मोठ्या मेमरीचं कार्ड लागेल, ते तुमच्या कामासाठीच लागेल, तेव्हा त्याचे पैसे मोबदल्यात धरावे लागतील. मावशी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. बिट्टीच्या कानशिलावरची शीर उडताना तिला दिसत होती, आणि पेन्सिल हातात असती तरी ती तिला पुसता आली नसती.

"बरं," बिट्टी अखेर म्हणाली. "हो. लिहून पाठवते."

तिने फोन ठेवला.

"मान्य आहे म्हणाल्या. आता त्या ऑफिसला काय कळवू गं?"

"कळव, घरी काम आहे म्हणून," मावशी म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.