शेडमागची खोली

सकाळी थोरली अंडी गोळा करून आली, तेव्हा तिच्या हातातले ट्रे निम्मे रिकामे होते. धाकटीने ते उतरवून घेतले.

"आजही एवढीच?" तिने विचारलं.

"कोंबड्यांचा जीव गुदमरतोय गं," थोरली म्हणाली आणि पुढचं बोलणं खोकल्यात बुडालं.

दोघी सख्ख्या जावा. अंड्यांचा हा व्यवसाय थोरलीच्या नवऱ्याने उभा केला होता. तो अचानक गेला आणि धाकटा भाऊ मालक झाला. थोरलीला मूलबाळ नव्हतं. तिच्या खोलीत अंड्यांचे ट्रे आणि खोकी आली, आणि तिची खाट शेडमागच्या खाद्याच्या खोलीत गेली. "थोडे दिवस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतरी तिचा सगळा वेळ कोंबड्यांतच जातो." सासूबाई स्वतःही विधवाच होत्या, पण त्यांचा एक मुलगा कमावता होता, म्हणून घरात त्यांचा शब्द चालत होता. थोडे दिवस कधीच सरले नाहीत. थोरली जेवायलाही घरात येईनाशी झाली. ताट मागच्या दाराशी ठेवलं जाई.

त्या हिवाळ्यात मालकाने जास्त अंड्यांच्या हव्यासाने प्रत्येक पिंजऱ्यात कोंबड्या वाढवल्या. थंडी लागू नये म्हणून शेडचे पडदे खालपर्यंत सोडले. पिंजऱ्यांखाली विष्ठेचे ढीग साचले, ओले झाले आणि आत असा उग्र वास कोंडला, की पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी येई. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. अंडी घटली, आली ती पातळ कवचाची. शेवटी मालकाने पक्ष्यांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर शेडमध्ये जाऊन नाकाला रुमाल लावूनच बाहेर आले.

"औषध काय देऊ?" ते मालकाला म्हणाले. "यांचं घर सुधारा. गर्दी कमी करा, खालचा ढीग उपसा, पडदे वरून उघडे ठेवा आणि ही कोंदट हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. खाद्य कितीही भारी घाला, अशा घरात कोंबडी तुम्हाला नफा देणार नाही."

तेवढ्यात शेडच्या मागून खोकल्याचा आवाज आला.

"तिकडे कोण आहे?"

"वहिनी. तिथेच राहते ती," मालक म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना आधी हलवा तिथून. माणसांच्या डॉक्टरांना दाखवा."

"बघतो," मालक म्हणाला.

त्याने डॉक्टरांचं सगळं ऐकलं, एवढी एक गोष्ट सोडून. कोंबड्या कमी केल्या, ढीग उपसले, मोठा पंखा आणला. तो बसला मागच्या भिंतीत. समोर हातभर बोळ आणि बोळापलीकडे थोरलीच्या खोलीची एकुलती खिडकी. शेडमधली सगळी घाण हवा आता थेट तिच्या खाटेवर येऊ लागली. खिडकी लावली तर खोलीत जीव घुसमटे.

थोरलीने आयुष्यात दिराकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, पंखा दुसऱ्या बाजूला बसवता येईल का?"

"त्या बाजूला घर आहे वहिनी," तो सहज म्हणाला. त्यात आपण काही वावगं बोललो, असं त्याला वाटलंही नाही. थोरली मान खाली घालून परत गेली.

धाकटीने ते ऐकलं. तिला दोन मुलीच होत्या. उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर ती खाट आपली, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. तरी ती पुन्हा अंडी ट्रेत लावू लागली. अंडी पुन्हा वाढली, घरात सगळे खुशीत होते. थोरली मात्र भिंत धरून चालू लागली.

एका सकाळी ती पिंजऱ्यांपाशीच कोसळली. धाकटीने तिला कवेत धरून घरात आणलं आणि स्वतःच्या पलंगावर निजवलं.

"हे काय चालवलंयस?" सासूबाई कडाडल्या. "तू कुठे निजणार?"

"त्यांच्या खोलीत. मुलींना घेऊन."

मालक हसला. पण धाकटीने गाद्या उचलल्या, मुलींचा हात धरला आणि ती खरोखरच निघाली. बऱ्याच वेळाने तो बोळात आला, तेव्हा पंखा घरघरत होता आणि लहानगी लेक आईच्या पदरात तोंड खुपसून खोकत होती. तो तसाच मागे फिरला आणि मिस्त्रीला घेऊन आला. संध्याकाळपर्यंत पंखा दुसऱ्या टोकाला बसला. घराकडे हवा येऊ नये म्हणून त्याला वर जाणारं पत्र्याचं धुराडंही लावलं.

थोरलीला दवाखान्यात नेलं. फार उशीर केलात, असं तिथे सांगितलं. ती परत आली नाही.

भेटायला शेजारपाजारचे जमले. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आम्ही तिला काही कमी पडू दिलं नाही हो. नशीबच तिचं."

धाकटी पाणी देत होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"पंखा हलवायला एक दुपार लागली," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तेवढी एक दुपार आम्ही त्यांना दिली नाही. मीसुद्धा नाही."

आलेल्या बायकांपैकी एक पाणी न पिताच उठली. तिचीही जाऊ गोठ्याशेजारी निजत होती.