निळ्या डुकराचं सूप

लंडनहून बाथकडे जाणारी गाडी ‘निळं डुक्कर’ खाणावळीपाशी घोडे बदलायला थांबे. तेवढ्यात उतारूंनी जेवून घ्यायचं, पैसे आधी मोजून. मालकीण डॉर्कस पिनॉक सूप असं रटरटतं वाढायची की ते निवायच्या आत गाडीवान जेबेझ कर्णा फुंकायचा. उतारू पळायचे, सूप परत हंड्यात. जेबेझला बिअर फुकट.

तक्रारी अखेर गाडीमालक लगसाहेबांच्या कानी गेल्या. आज ते स्वतः इथे जेवून जेबेझच्याच गाडीने बाथला जाणार होते. जेवण पसंत पडलं नाही तर थांबा समोरच्या खाणावळीत हलणार, आणि डॉर्कसच्या दाराला कुलूप लागणार. म्हणून तिने हंड्यात ताजं मटण घातलं, पण बेतानेच. जेबेझचे उतारू थोडेच खाणार होते?

सूप वाढून झालं तशी मिसेस ऑर्चर्ड नावाची म्हातारी उठली. तिने खिडकी उघडली, बाहेरच्या कठड्यावर साचलेला मूठभर बर्फ घेतला आणि आपल्या वाडग्यात टाकला.

“आजी, हे काय?” डॉर्कसने विचारलं.

“निववतेय गं. मागच्या खेपेला जीभ पोळली माझी.”

मग सगळेच खिडकीशी. वाडगी रिकामी झाली, पुन्हा भरून मागितली गेली. जेबेझने कर्णा फुंकला. कुणी हललं नाही.

“फुंक बाबा,” एक जण म्हणाला, “छाती मोकळी होईल.”

हंड्याचा तळ दिसला आणि लगसाहेब दारात. लोक पावाने वाडगी पुसत होते.

“मला तर भलतंच कळवलं होतं,” ते म्हणाले.

“साहेब,” म्हातारी म्हणाली, “इतक्या वर्षांत इथलं सूप आज पहिल्यांदा प्यायले.”

“मग मलाही वाढा.”

डॉर्कस आत धावली. हंड्यात एक हाड होतं. तिने किटलीतलं पाणी ओतलं, कांदा, मिरपूड टाकली, खालचा जाळ वाढवला आणि बुडबुडे फुटत असतानाच वाडगं साहेबांपुढे ठेवलं. खिडकीतला बर्फ संपला होता. तिने जेबेझकडे पाहिलं.

साहेबांनी चमचा ओठाला लावला, खाली ठेवला, फुंकर घातली. तोच कर्णा.

“अरे, माझं अजून...”

“गाडी कुणासाठी थांबायची नाही,” जेबेझ मान खाली घालून म्हणाला. “तुमचाच नियम, साहेब.”

साहेब टोपी सावरत पळाले. “वास फार छान होता, बाई,” ते पायरीवरून ओरडले. “गाडीचा थांबा इथेच राहील.”

डॉर्कसने दार लावलं, वाडगं उचललं आणि हंड्यात ओतलं. संध्याकाळची गाडी यायची होती.