बसलेला पाय

भामाने पाय उचलला आणि टाच चिखलात दाबली. शेजारी तिचा नवरा काशीराम, त्याने पाय उचललाच नाही. नुसता पुढे सरकवला. मिठागराचा तळ तुडवायचा म्हणजे खांद्याला खांदा लावून, टाच मारत, रांगेने चालायचं. त्यात पाय ओढला की चर पडतो, आणि चर पडला की पाणी मुरतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मुकादम दयारामने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण काशीरामला कोण बोलणार? मोठ्या लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत भल्याभल्या गोऱ्या खलाशांना लोळवणारा, अख्ख्या पनवेलातला एकुलता एक हेवीवेट तो! दयारामने तोंड फिरवलं. भामाने मागे वळून तो चर आपल्या पायाने बुजवला आणि पुन्हा रांगेत शिरली.

रविवारी त्याची कुस्ती होती. कुस्ती म्हणजे बॉक्सिंगच, पण गाव त्याला कुस्तीच म्हणे. गोदीतला एक तरणाबांड गडी येणार होता, काशीरामच्या निम्म्या वयाचा. लेक शकू सासरी गेली, डोक्याचे केस पिकले, आता कशाला ही थेरं, असं भामाने सुचवून पाहिलं होतं. काशीराम नुसता हसला. चार माणसांनी मान देऊन बोलावलं की हा बाबा विरघळलाच म्हणून समजा.

त्याला हे सगळं शिकवलं यूनुसभाईने. यूनुसभाई जहाजावर खलाशी असताना बॉक्सिंग शिकून आला, आणि आता बाजारामागे त्याची लाकडाची वखार होती. वखारीच्या अंगणात तालीम चाले. पूर्वी काशीराम नाचायचा. एवढं थोरलं धूड, पण चवड्यांवर असं फिरायचं की बघणाऱ्याने बघत राहावं. आता तो मधोमध तळपाय टेकून उभा राही आणि समोरच्यालाच आपल्याभोवती फिरायला लावी. यूनुसभाई त्यावर बेहद्द खूश होता. तरुणपणी पाय लढतात, वय झालं की अक्कल लढते, जड माणसाने नाचून दम कशाला घालवायचा, असं तो सांगे. सुताराचा हात बसतो तसा आमच्या काशाचा पाय बसला, हे तर त्याने बाजारभर करून ठेवलं होतं. मिठागरावरच्यांना ते फारच आवडलं. तळ नीट घट्ट झाला की तेही म्हणत, बसला.

भामाला मात्र ते पटत नसे. घरात उंबरा ओलांडताना काशीराम चौकट धरतो, हे बाजाराने कुठं पाहिलं होतं!

दुपारी बांधावर भाकरी सोडताना तिने त्याला विचारलंच. आसपास कुणी नाही असं बघून तो म्हणाला,

"पाय उचलला का जमीन जाग्यावर रवत नाय. म्हून उचलीत नाय."

भामाने हातातला घास खाली ठेवला. यूनुसभाईला हे माहीत आहे का, असं तिने विचारलं, तर काशीरामने तिला शकूचीच शपथ घातली. जमीन हलते हे कुणाजवळ बोलायचं नाही. रविवार होऊन जाऊ दे, मग बघू. लेकीची शपथ म्हटल्यावर भामाने उरलेली भाकरी फडक्यात बांधून टाकली.

दिवस कलेपर्यंत तिने त्या शपथेतून वाट काढली. शपथ जमिनीची होती, पायाची थोडीच होती? ती तडक वखारीत गेली. काशीराम हातमोजे बांधून उभाच होता.

"भाई," ती म्हणाली, "यांना जरा नाचाला सांगा."

यूनुसभाई हसला. भाबीला बघायचंच आहे तर दाखव की एकदा, पूर्वीसारखं, असं तो काशीरामला म्हणाला. काशीरामने भामाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. तिला वाटलं, आता हा नाही म्हणेल आणि सगळं मिटेल.

त्याने डोळे मिटले. टाच उचलली. भामाचा हात तोंडाशी गेला.

तो पडला नाही. चवड्यांवर आला, डावीकडे सरकला, गर्रकन फिरला, मागे झाला, पुन्हा आत घुसला. वखारीतले मजूर करवती टाकून बघत राहिले. यूनुसभाईचे डोळे भरून आले, सुभानल्ला, सुभानल्ला एवढंच तो म्हणत होता. भामाला स्वतःचीच लाज वाटली. चांगल्या धडधाकट माणसाला आपण उगाच म्हातारा केला! तिला हसू फुटलं, किती दिवसांनी.

काशीराम थांबला तो तिच्यासमोरच. तिच्याकडे पाहिलं आणि एकदम नजर खाली घातली, लोकांत पोरीशी बोलायला लाजतात तशी.

"तू इथं कशाला आलीस? लोकं बगतात," तो हळूच म्हणाला. "तुज्या बापाला सांग, रविवारची कुस्ती झाली का मी मागनी घालाला येनार हाय."

भामाचा बाप जाऊन जमाना लोटला होता. तिने यूनुसभाईकडे पाहिलं. त्याचं हसू तसंच ओठांवर अडकलं होतं. रविवारची कुस्ती मी मोडतो, असं पुटपुटत तो काशीरामच्या हातमोज्यांची नाडी सोडायला वाकला, पण काशीरामने हात काढून घेतला. तो उत्तराची वाट बघत होता.

भामाने पदर डोक्यावर ओढला.

"सांगन," ती म्हणाली.

तो खूश झाला, आणि टाचा उचलून पुन्हा नाचायला लागला.