पोचल्याची मान

भोंग्याचा आवाज पहिल्यापासूनच दांडगा, नावही त्यावरूनच पडलेलं, म्हणून तर सरांनी त्याला ताईच्या मागं उभं केलं होतं. ताई त्याची मावसबहीण. टीमचा रोबो तीच चालवायची. तिची नजर रोबोवर, भोंग्याची सगळ्या मैदानावर. त्यानं सांगायचं, तिनं मान हलवायची. मान हलल्याशिवाय त्यानं पुढचा शब्द काढायचा नाही. टीममध्ये या मान हलवण्याला ‘पोचल्याची मान’ म्हणत.

स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत समोरच्या टीमचा रोबो आडवा आला. “ताई, थांब!” भोंगा ओरडला. तिनं मान हलवली आणि रोबो तसाच पुढं रेटला. धडक बसली, रोबोचा हात मुळातून वाकला आणि फेरी गेली. आता सगळी मदार शेवटच्या फेरीवर होती.

हात सरळ करायला दोघं टेबलाशी बसले. सभागृहात कानठळ्या बसवणारा गोंगाट. भोंगा आतून धुमसत होता. नंदीबैलासारखी मान डोलवायची आणि करायचं मनाचंच, ही कुठली रीत? तो तिच्या उजव्या हाताला होता. स्क्रू पिळता पिळता म्हणाला, “माझं ऐकायचंच नव्हतं तर आधी सांगायचं होतंस!”

ताईनं शांतपणे मान हलवली.

भोंग्याचा हात थांबला. “ताई, तुझ्या केसांत पाल आहे.”

ताईनं पुन्हा मान हलवली. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी ताई.

 भोंग्याला हिवाळ्यात तिला आलेला मोठा ताप आठवला. तेव्हापासून ती फोन डाव्या कानाला लावायची. मावशी म्हणायची, हल्ली ही आपल्याच नादात असते. नाद कसला! रिमोट काढून घेतील या धास्तीनं पोरगी एकटीच सगळं गिळत होती, आणि रोज मागं उभं राहून याला पत्ता नाही. भोंग्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात सर आले. “थांबायला का नाही सांगितलंस रे?”

“चुकलं, सर. मी बोललोच नाही.”

“मग आता तू बाहेर बस. तिच्यामागं दुसरं कुणी उभं राहील.” सर ताईच्या डाव्या बाजूला वाकले. “हा म्हणतोय, तो बोललाच नाही. खरं का गं?”

मान हलवली की झालं असतं. हलव, ताई, हलव, भोंगा डोळ्यांनी विनवत होता.

ताईनं रिमोट टेबलावर ठेवला.

“तो बोलला होता, सर. मला उजव्या कानानं ऐकूच येत नाही.” ती एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली.

सर खुर्चीत टेकले. “मग आता चालवणार कोण?”

“हीच,” भोंगा म्हणाला. टेबलाला वळसा घालून तो तिच्या डाव्या बाजूला आला आणि रिमोट उचलून त्यानं तिच्या हातात दिला. “मी इकडून बोलेन. ताई, पोचलं?”

सरांनी नाही म्हटलं नाही. ताईनं मान हलवली, आणि तिला रडू फुटलं.