मोनिकाच्या अंगणातली माती

मित्रांनो, मी लोखंडाचं एक म्हातारं गिरमिट आहे. जमिनीत पीळ देत शिरायचं आणि खोलातली माती वर आणायची, हे माझं काम. चितेगावच्या लोहारानं मला घडवलं. पैठण रोडवरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शाइस्ता मॅडमनी मला वर्गात आणलं. त्यांच्याबरोबर मी मुलांच्या हातून बांधाबांधानं फिरलो. विज्ञान प्रदर्शनात तर मला हारसुद्धा घातला होता.

यंदा मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं आपल्या घरची माती आणायची."

नववीतली मोनिका मला घरी घेऊन गेली. तिचे वडील पुंजाराम अंगणात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून भट्टीत शिसं वितळवायचे. तिथंच तिची धाकटी बहीण तनुजा मातीत खेळायची, बोटं चाटायची. हल्ली तिचं पोट सारखं दुखायचं.

मोनिकानं मला पीळ देऊन त्या अंगणातली माती काढली. शाळेत मॅडमनी ती आम्लात ढवळून गाळली आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. नळीत हळदीसारखा पिवळा साका बसला.

"हे शिसं आहे," मॅडम म्हणाल्या. "विष आहे."

"मॅडम, आमची तनू तीच माती खाती!" मोनिका ओरडली.

दोघी तशाच घरी धावल्या. पुंजाराम ऐकेनात. "लई वर्सं झाली, मला काय झालं नाय. जंत झाले असतील पोरीला."

"आप्पा, पाया पडते तुमच्या, घाटी दवाखान्यात चला!"

ते बोलत असतानाच तनुजाला आकडीचा झटका आला. मग मात्र पुंजाराम तिला उचलून अनवाणी पळाले.

जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, मेंदूला झालेली इजा किती भरून येईल, सांगता येत नाही. तनुजा घरी आली, ती गप्पच. आधी दिवसभर 'ताई, ताई' करायची.

पुंजारामनी भट्टी मोडली आणि ते शाळेत आले. "मॅडम, सांगा, किती खोल खांदू?"

मॅडमनी मला अंगणात फिरवून माती काढली आणि तिथंच नळीत तपासली. वीतभर खाली पिवळं. हातभर खाली पिवळंच. पुंजाराम तिथंच डोकं धरून बसले.

त्या गल्लीत आणखी भट्ट्या आहेत, मित्रांनो. त्यांचे मालक शाळेत येऊन भांडले, म्हणून मुख्याध्यापकांनी मला कपाटात टाकलं. मला गंज चढतोय, त्याचं काही नाही. पण त्या अंगणांतही लेकरं रांगतात. मला बाहेर काढा रे. आजच काढा.