अर्ध्या तासाची बरणी

काचेच्या उभ्या बरणीत टाकीतलं पाणी भरून टाकीवाल्यांनी ती खिडकीत ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसले. अर्धा तास. एरवी तेवढ्यात तपकिरी गाळ तळाशी बसे आणि वरचं पाणी नितळ होई. पाणी नितळलं म्हणजे टाकीतले जिवाणू धडधाकट. गावाचं सांडपाणी तेच पचवत, मग ते खाली खाडीत सोडलं जाई. बावीस वर्षांत हा अर्धा तास त्यांनी कधी चुकवला नव्हता; त्या वेळात ते कुणाशी बोलतही नसत.

आज गाळ काळा होता. तो तळाशी बसला, तरी वरचं पाणी गढूळच राहिलं.

टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद पडून चौथा दिवस होता. त्यांनी ऑफिसात पुन्हा फोन लावला.

"साहेब, हवा नाही तर जिवाणू मरतात हो. तात्पुरती का होईना, एखादी मोटर..."

"टाकीवाले, जिवाणूंना माझा नमस्कार सांगा. मंजुरीला महिना तर लागणारच. बावीस वर्षं बसलात तिथं, आणि आता वास यायला लागला होय?"

ते बाहेर आले. कठड्यावरून खाडी दिसत होती, आणि चिखलात वाकलेली त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून तिचं घर शिंपल्यांवरच चालत होतं. बाजारात कुणी नाक मुरडलं की ती म्हणायची, "डोळे झाकून घ्या. वरून खाडीत येणारं पाणी माझ्या भावाच्या हातचं आहे." हे कानावर आलं की ते तिच्यावर रागावत, आणि मनातून सुखावत.

कोपऱ्यातला लांब बांबू घेऊन ते टाकी ढवळू लागले. ढवळलं की थोडी हवा मिसळते. तेवढ्यावर काही जीव तरतील. सकाळची दुपार झाली. तळहात सोलवटले. बांबूच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांचे ओठ हलत होते. हळूहळू पाणी पुन्हा दाट दिसू लागलं, तसं जिवाणू वर आले असं समजून त्यांना हायसं वाटलं.

मग ते टाकीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हाळीपाशी गेले आणि तिथंच खिळले. चार दिवस तळाशी निजलेला मेलेला गाळ त्यांनीच उठवला होता. काळी धार उताराने खाडीकडे निघाली होती. झडप लावावी, तर घाण गल्ल्यांत तुंबणार.

मागे भिंतीवर पाटी होती: यंत्र बंद असताना टाकी ढवळू नये. अक्षर त्यांचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण शिंपल्यांची बादली घेऊन फाटकाशी आली.

"दादा, हे बघ ना. सगळे आ वासून पडलेत. एकही मिटत नाही."

"माझ्यामुळे."

"तू कशाला करशील असं?"

"टाकी ढवळली मी. वाटलं, जिवाणू वाचतील. खाली जाऊ नकोस आता."

"कधीपर्यंत?"

त्यांनी फाटकाची कडी काढली. तिची नजर त्यांच्या तळहातांवर गेली.

"अगं बाई! तेल तरी लावायचंस. वहिनीला दाखवलंस का?"

"नाही."

"तुझं पण ना..." फाटकाबाहेरच्या खड्ड्यात तिनं बादली उपडी केली, वरून पायानं माती लोटली, आणि रिकामी बादली घेऊन त्यांच्या मागोमाग खोलीत आली.

त्यांनी बरणी भरली आणि खिडकीत ठेवली. स्टूल तिच्याकडे सरकवलं, आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"यात काय बघायचं असतं रे?"

"अर्धा तास थांब."

ती पदर सावरून बसली. दोघं बरणीकडे बघत राहिली.

अर्धा तास झाला. बरणीतलं पाणी होतं तसंच गढूळ होतं. तरी कुणी उठलं नाही.